पुलियाखालची पंगत

मटणाचा गंज चुलीवर चढला तरी समीक्षा बाळाला कडेवर घेऊन बाहेर उन्हातच उभी होती. आत यायला तयार नव्हती.

आत म्हणजे नागपूरकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या पुलियाखाली. जनावरांना ये-जा करता यावी म्हणून ठेवलेली रुंद, मोकळी जागा. एका अंगाला रान, दुसऱ्या अंगाला पाण्याची बोडी, डोक्यावरून ट्रक. गावात एवढी मोठी सावली दुसरी नाही, म्हणून बाळाच्या जावळाची पंगत इथं. ‘वन्यप्राणी मार्ग’ लिहिलेल्या पाटीवर मांडववाल्याने बाळाच्या फोटोचं फ्लेक्स बांधलं होतं. हरणाची शिंगं तेवढी वरून डोकावत होती.

महागू न्हावी वस्तरा काढून बसला होता. बाळाच्या मामाची मांडीही तयार. पोरगंच तेवढं नव्हतं.

“सुनबाई, चाल आत,” सासरे तेजराम म्हणाले. “पोराले ऊन लागून राह्यलं.”

“पदर आहे त्याच्या डोक्यावर. मामाजी, मी कालपासून सांगते आहे, अंगणात करू.”

“अंगणात एवढं माणूस मावते काय? अन् जनावरं का दुपारी येऊन राह्यले इथं? जेवू, उठू, निघू.”

“आणि हाडं? पत्रावळी? कुत्रे हलत नाहीत मग इथून. मंजूताईंच्या साक्षगंधाची पंगत इथंच बसली होती ना? त्या कुत्र्यांपायी रोही खालून जाईनात. वर चढले, रस्त्यावर.”

तिने बोट दाखवलं नाही. गरज नव्हती. बाळाचा बाप राहुल पुढच्याच खुर्चीत बसला होता, उजवा हात प्लास्टरमध्ये. बहिणीच्या त्या साक्षगंधाच्याच आठवड्यात, राईस मिलमधून परतताना, अंधारातून एक रोही, घोड्याएवढा नीलगायीचा नर, थेट त्याच्या मोटरसायकलवर आला होता.

“मले काहून मधात घेता?” राहुल म्हणाला. “मी बसलो ना चूप.”

पाहुणे हसले. मागून कोणीतरी टोमणा टाकला, “बी.एस्सी. शिकली ना सून. रोह्याची वकिली करते.”

“हौ, करते,” समीक्षा मागे वळून म्हणाली. “रोह्याले खालून रस्ता भेटला, तरच माह्या नवऱ्याले वरून भेटते.”

हसणं थांबलं. तेजरामांनी हात पुढे केले.

“चार लोकांत इज्जत काढतेस? आण ते पोरगं इकडे.”

ती मागे सरली नाही, पण पोरगंही दिलं नाही.

“इथं नाही बसणार तो. वाढू द्या केस. जटा झाल्या तरी चालतील.”

बायकांत कुजबूज उठली. ठरलेलं जावळ असं मोडतं का कोणी? एक म्हातारी तर चक्क कानाला हात लावून मोकळी झाली.

समीक्षा तेव्हा आत शिरली. सरळ राहुलपाशी गेली, बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. “धरा. डावा हात तर चांगला आहे.” मग चुलीतली जळती लाकडं एकेक करून बाहेर ओढली आणि बादलीभर पाणी त्यांच्यावर ओतलं. फस्सकन वाफ उठली. लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. तिने पदर दुहेरी केला, गंजाची एक कडी धरली आणि जोर लावला. गंज हलला, उचलला गेला नाही.

“ठेव ते!” तेजराम आडवे आले.

तिने कडी सोडली नाही. पदरातूनही चटका बसत होता.

सासू शेवंताबाई इतका वेळ कोपऱ्यात कांदा चिरत होत्या. त्यांनी विळी बाजूला ठेवली. नातवाला डाव्या हाताने सावरू पाहणाऱ्या लेकाकडे एकदा पाहिलं. हात लुगड्याला पुसले, तिथलंच एक ओलं पोतं उचललं आणि दुसरी कडी धरली.

गंज चुलीवरून उठला.

“सरका जी बाजूले,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “गरम आहे.”