ओळखपत्रावरचं बटण

"नाव?" रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हजेरी घेताना उपासनी सरांनी विचारलं.

"संघमित्रा वंदना मिलिंद."

"ही आईवडिलांची नावं झाली. आडनाव काय? गाव कुठलं?"

संघमित्राने मान खाली घातली आणि गळ्यातल्या ओळखपत्रावरचं बटण दाबलं. त्याच क्षणी सरांच्या पोटात गोळा आला. कान तापले. सगळा वर्ग आपल्याकडेच बघतोय असं वाटून ते स्टुलावर बसले.

"सकाळची मिसळ बाधली बहुतेक," ते शेजारी प्रयोगाची तयारी करणाऱ्या खांबेटे मॅडमना म्हणाले.

"मिसळ नाही, सर. तुमचा आज इथे पहिलाच दिवस ना? ही तिची तक्रार आहे. आमच्याकडे मुलांना तक्रार समितीपुढे बसून सगळं परत परत सांगावं लागत नाही. बटण दाबलं की त्यांना जे वाटलं, ते बोलणाऱ्याला थेट पोचतं. समितीकडे नोंद होतेच."

"अहो, मी तर सहज विचारलं!"

"तिला सगळे सहजच विचारतात. पहिलीत होती तेव्हापासून."

सरांनी हजेरीपट मिटला. मग उठून तिच्या टेबलाशी गेले.

"चुकलं माझं, संघमित्रा. परत नाही विचारणार."

स्टँडवरची ब्युरेटची काचनळी तिच्या डोळ्यांच्या फार वर होती. ती त्यांनी खाली सरकवून दिली. "आता आकडे नीट दिसतायत?"

"हो, सर."

ते वळले, तोच त्यांच्या छातीत हलकीशी ऊब पसरली. त्यांनी दचकून मागे पाहिलं. संघमित्राचे डोळे ब्युरेटवर होते आणि अंगठा बटणावर.