मऊ भाताचं पथ्य

"टोचतंय?"

"न्हाय."

"आता?"

"न्हाय, सायेब."

डॉक्टर उपेंद्रांनी टाचणी बाजूला ठेवली. मष्णूनं डोळे उघडून बघितलं, तर पायाच्या अंगठ्यावर रक्ताचा थेंब आलेला. आपलाच पाय, आणि आपल्यालाच पत्ता नाही! सांबऱ्याहून गाडीतनं येताना एक चप्पल वाटेत कुठं गळून पडली, तेसुद्धा बेळगावात उतरल्यावर कळलं होतं. म्हणजे गावात कुजबुजत होते तेच खरं. महारोग.

तशी त्यानं मनाची तयारी केलीच होती. डॉक्टरनं हो म्हटलं की परस्पर महारोग्यांच्या आश्रमात जायचं, घरी माघारी फिरायचं नाही. दोन धोतरं गाठोड्यात बांधून आणलेली. बाहेर कट्ट्यावर बसलेल्या बायकोला, मालुबाईला, यातलं अक्षर माहीत नव्हतं. तिला सांगितलं असतं तर तिनं गाडीच्या चाकाखाली अंग टाकलं असतं, पण त्याला जाऊ दिलं नसतं.

डॉक्टर मात्र घाईतला माणूस नव्हता. त्यांनी पाठ बघितली, कानाच्या पाळ्या बघितल्या, कोपरामागची शीर दाबून बघितली. छोट्या हातोडीनं गुडघ्याखाली टक्कन मारलं. पाय ढिम्म हलला नाही.

"आप्पा, हा महारोग नव्हे," ते म्हणाले. "अंगावर एक चट्टा नाही, शीर सुजलेली नाही. दोन्ही पाय मोजे चढवल्यासारखे सारखेच बधिर झालेत. जेवता काय?"

मष्णूला आधी ते खरंच वाटेना. मग वाटलं, आणि एवढा बाप्या गडी, पण डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं.

"मऊ भात, सायेब. तूपमीठ घालून," तो कसाबसा म्हणाला. "गेल्या साली हिवताप आलता, तवापास्नं पथ्य हाय. बायको लई जपती. गिरणीत तांदूळ दोन-दोनदा पांढरा करून आणती. पाय मेल्यागत व्हायला लागलं, तसं तिनं भाजीभाकरी समदंच बंद केलं बगा. जड पडंल म्हणून."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "त्या पांढऱ्या भातानंच घात केला की हो! तांदळावरचा जो लालसर पापुद्रा असतो ना, त्यात शिरांना लागणारा कस असतो. बी जीवनसत्त्व म्हणतात त्याला. गिरणी नेमकं तेच घासून काढते. तुमच्या शिरा उपाशी मरताहेत, आप्पा. बायको काय खाते तुमची?"

लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली, पण ती काय खाते हे मष्णूनं कधी बघितलंच नव्हतं. बायकांचं जेवण मागनं, चुलीकडं तोंड करून. कोण बघतंय? आणि पाय बिघडल्यापासून तर तो स्वतःच हट्टानं गोठ्यात राहायला गेला होता. दाराशी ताट ठेवून मालुबाईनं लांब व्हायचं, ही सक्तीही त्याचीच.

"तिचे पाय ठणठणीत आहेत ना? मग ती खाते तेच खा. पायात जीव येईल, पण सावकाश."

"सायेब, एक ऐका," मष्णूनं हात जोडले. "भातानं झालं म्हणून तिला सांगू नगा. जीव जाळून घील वो ती."

"मग भात कसा टाळणार?"

"त्ये मी बगतो."

'म्हारोग न्हाय' एवढंच मष्णूनं बाहेर येऊन सांगितलं. मालुबाईनं कट्ट्यावर बसल्या जागीच सांबऱ्याच्या सगळ्या देवांना नारळ कबूल केले.

"पर पथ्य लई कडक हाय," मष्णू म्हणाला. "गोठा बंद. आजपास्नं आदी तू जेवाय बसायचं, आन तुज्या ताटातलं मी खायचं."

"अगं बाई! नवऱ्यानं बायकूच्या ताटातलं? मला नरकात घालताय व्हय?" ती तरातरा डॉक्टरांच्या दारात गेली. "डॉक्टरसायेब, असलं कुठलं पथ्य?"

उपेंद्रांनी कसंबसं हसू आवरलं. "ते सांगताहेत तसंच, बाई. त्यात कसूर करायची नाही."

दिवेलागणीला घरी मालुबाई ताट घेऊन बसली, तीही पाठमोरी. घास काही उचलेना.

"इकडं वळ."

ती नाइलाजानं वळली. ताटात काळपट जाडीभरडी भाकरी आणि हुलग्याचं कालवण. मष्णूनं भाकरीचा तुकडा मोडून उजेडात धरला.

"ह्यात काय घातलंयस?"

चोरी सापडावी तसं मालुबाईनं तोंड लपवलं. "कोंडा. तुमच्याच तांदळाचा. गिरणीत एवढा निगतो, टाकवंना. मग नाचण्याच्या पिटात मिसळती. तुमी नगा खाऊ, घशाला लागतंय."

मष्णूला एकदम भडभडून आलं. आपल्या भातातनं जे जे काढलं, त्यावरच ही बाई वर्षभर उभी होती. त्यानं तुकडा तोंडात घातला, खरखरीत होता. चावत राहिला. गिळला, आणि उरलेली अर्धी भाकरी तिच्यापुढं सरकवली.

मालुबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. "आता तरी सांगा," ती म्हणाली, "कशानं झालतं म्हणाले डॉक्टर?"

मष्णूनं दुसरा घास मोडला.

"एकट्यानं जेवल्यानं."