चौथा बार

वळसंगच्या शिवारात बिबट्यानं दोन माणसं ओढून नेली, तसा त्याला गोळी घालायचा हुकूम निघाला आणि बोलावणं आलं शिकारी शरणप्पाला. आज संध्याकाळी उसाच्या कडेला दबा धरून बसायचं होतं. नेम हुकला तर जखमी जनावर थेट वस्तीत शिरणार, हे न कळण्याइतका तो नवखा नव्हता.

म्हणून सकाळपासून ओढ्यात जड गोळीच्या नव्या मॅग्नम रायफलीचा नेम बसवणं चाललं होतं. दरडीला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर त्यानं तीन बार काढले. तिन्ही गोलाच्या खाली गेले, तेही तीन तऱ्हांनी. धक्क्यानं खांदा मात्र काळानिळा झाला.

"ही जड गोळीच बेकार हाय," तो करवादला. "हलकी असती तर तिन्ही एका भोकातनं गेल्या असत्या की."

काडतुसांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली त्याची बायको, गौरम्मा, प्रत्येक बाराला पुठ्ठ्याऐवजी त्याच्याकडेच बघत होती.

"आणा हिकडं, मी भरून देते." तिनं रायफल घेतली, खटका मागंपुढं केला आणि परत दिली. "आता जरा दम धरून काढा."

शरणप्पानं श्वास रोखला, चाप ओढला.

टक्, एवढाच आवाज झाला. धक्का आलाच नाही. पण तो येणार म्हणून त्याचं अंग आधीच आखडलं होतं आणि नळी झटक्यात खाली गेली होती.

त्यानं मागं वळून पाहिलं.



गौरम्मानं मूठ उघडली. गोळी तिच्या हातातच होती.