मागचं दार

पोलंडच्या बंदरात जहाजातून उतरलेल्या चिलखती गाड्या मी ट्रेलरवर लादून युक्रेनमध्ये आणतो. लादलेला माल इतका रुंद असतो, की समोरचा ट्रॅक्टर मुकाट्याने शेतात उतरतो. सीमा ओलांडली की हालिनाकाकूंच्या खाणावळीपाशी थांबायचं, कारण पुढचा रस्ता मोकळा करणारी पोलिसांची गाडी तिथेच येते. तेवढ्या वेळात काकू ताडपत्री उचलून चिलखती गाडीच्या मागच्या दारावर पांढऱ्या रंगाने लिहितात, ‘परत ये’. मुलगा आघाडीवर मारला गेला, तेव्हापासून एकही गाडी त्यांनी कोरी जाऊ दिलेली नाही.

“काकू, सरकारी माल आहे हा,” मी एकदा म्हणालो होतो.

“मग सांग सरकारला, एका म्हातारीने घाण केली म्हणून.”

काल मी उलट दिशेने येताना खाणावळीपाशी थांबलो. ट्रेलरवर जळालेली गाडी होती, दुरुस्तीला पोलंडला न्यायची. पुढचा भाग कोळसा झालेला, मागचं दार तेवढं शाबूत. निघतानाच मी ताडपत्री घट्ट आवळली होती.

“काय रे ओस्ताप, माझ्या गाड्यांतली एखादी परतली का?”

“नाही काकू. सगळ्या तिकडेच आहेत. धडधाकट.”

त्यांनी बोर्श, म्हणजे बिटाचं सूप वाढलं, वर साय घातली आणि माझं खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिल्या. मग वाडगा उचलता उचलता म्हणाल्या,


“निघायच्या आधी मागची दोरी बांधून घे. माझं अक्षर दिसतंय.”