उजवीकडचा खिसा

शिंपीणबाईंनी रक्तदाबाची गोळी सोडून आज आठ दिवस झाले होते. मोबाइलमधले डॉक्टरच तसं सांगत होते ना! शिवायला बसलं की त्या मोबाइल समोर टेकवून रोज तोच व्हिडिओ लावायच्या. पांढरा कोट, गोड हसू, आणि "गोळ्या बंद करा, आठव्या दिवशी हलकं वाटेल."

"कुठला कोण तो, त्याच्या भरवशावर जीव टांगताय!" नर्स असलेली नणंद सकाळीच फोनवर तडकली होती. "वहिनी, मुकाट्याने गोळी घ्या."

दुपारी डोकं गरगरलं आणि हातून घोळ झाला. दवाखान्याच्या ऑर्डरमधल्या कोटाचा खिसा डावीकडे लावायचा, तो उजवीकडे लागला; तोही तिरका. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

चरफडत त्यांनी मान वर केली. मोबाइलमधल्या डॉक्टरांच्या कोटाचा खिसा उजवीकडे होता. तिरका.

व्हिडिओ तर दोन वर्षांपूर्वीचा. आणि काल तो खिसा डावीकडे होता. शिवणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

बाईंनी घाईघाईने खिसा उसवायला घेतला. एकेक टाका तुटला तसतसा पडद्यावरचा खिसाही सुटत गेला आणि गळून पडला.

चाचपडत त्यांनी गोळ्यांचं पाकीट उचललं.

डॉक्टर बोलायचे थांबले. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं हसू मावळलं.

"ते ठेवा खाली, वहिनी," ते म्हणाले. "आधी माझा खिसा लावून द्या."

मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा बाईंनी खाली पाहिलं. पायडल त्यांचाच पाय मारत होता.