सगळ्यांना सारखंच

"मरण कुणाला चुकलंय, वहिनी? राजा असो की रंक, सगळ्यांना सारखंच," मुकादम म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. जमलेल्यांनी माना डोलावल्या.

गवंड्याच्या बायकोची मान तेवढी हलली नाही. सकाळपासून हेच ऐकून तिचे कान किटले होते. शेजारीण तेच म्हणाली, मामेसासरे तेच म्हणाले, घरमालक तर दारातूनच म्हणून गेला. सांत्वन कसलं, कुठल्याही पायात कोंबायची एकच चप्पल! तिचा नवरा काही म्हातारपणाने गेला नव्हता. परवा सातव्या मजल्याच्या परांचीवर उभा राहून तो बाहेरच्या भिंतीला गिलावा करत होता. फळी निसटली आणि तो खाली आला.

मुकादम कामावरून थेट आला होता. डोक्यावरचं हेल्मेट त्याने आठवणीने काढून मांडीवर घेतलं. कमरेचा सेफ्टीचा पट्टा मात्र तसाच राहिला होता. नवाकोरा, नारिंगी, त्याला जाड दोर आणि दोराच्या टोकाला लोखंडी आकडा. तो जरा हलला की आकडा खुर्चीच्या पायावर खणकन वाजे. असा पट्टा साइटवर एकच आहे, हे नवऱ्याने तिला हसत हसत सांगितलं होतं.

"झालं ते झालं," मुकादम म्हणाला. "या घराची काळजी मलाही आहेच की. उद्यापासून धाकट्याला पाठवा. भावाच्याच जागी घेतो."

भिंतीला टेकून बसलेल्या धाकट्या दिराने मान वर केली. किती महिने तो कामासाठी वणवण करत होता. "येतो" म्हणायला त्याने तोंड उघडलंच.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पाठवते ना," ती म्हणाली. "तो पट्टा काढून द्या त्याला. आत्ताच्या आत्ता."

"हा? अहो, हा... मला पाहणीला वर जावं लागतं ना."

"आणि हे काय हवा खायला जात होते वर? सगळ्यांना सारखंच म्हणालात ना? मग काढा!"

माना डोलायच्या थांबल्या. सासऱ्यांनी "सूनबाई..." म्हणत हात उचलला आणि तसाच खाली घेतला. दिराने उघडलेलं तोंड मिटलं. तो मुकादमाच्या कमरेकडे बघू लागला.

खोली तळमजल्यावरची. मुकादम खुर्चीत बसलेला, दोन्ही पाय फरशीला टेकलेले. तरी त्याने दोन्ही हातांनी पट्ट्याचं बक्कल गच्च धरलं.