माळावर सोडलेले तित्तर

कोंडाबाईनं डालगं उघडलं, तरी एकही तित्तर उडाला नाही. खुडूक कोंबडीखाली तिनंच उबवून घेतलेले ते पक्षी माळावर उतरले आणि तिच्या पायांभोवती घुटमळू लागले. समोर महाराजांचे पाहुणे बंदुका घेऊन ताटकळले होते.

"हाकल की त्यांना!" शिकारखान्याचे कारभारी दबक्या आवाजात खेकसले.

तिनं टाळ्या वाजवल्या, पदर झटकला. पक्षी आणखीच जवळ आले.

"बाई, माझी नोकरी घालवशील!"

मग तिनं ढेकूळ उचललं आणि नेम धरून त्यांच्यातच मारलं. थवा भर्रकन उडाला. बंदुका कडाडल्या. शेवटचं पीस खाली येईपर्यंत ती तिथंच उभी राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण ते आलं नाही.

संध्याकाळी कारभाऱ्यांनी बक्षीस म्हणून दोन तित्तर तिच्या हातात दिले. घरी जाऊन तिनं ते सोलले, मसाला वाटला, रस्सा केला.

"लई मऊ हाय गं मटण," नवरा जेवताना म्हणाला.

"रोज हातानं वाळवी भरवलीया त्यास्नी," ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या ताटात आणखी वाढलं.